अमेरिकेतील फौजदारी खटल्यात वकील मिळण्याचा हक्क: गिडियन निकालाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘तुम्हाला वकील परवडत नसेल, तर तो तुम्हाला नेमून दिला जाईल’ हे वाक्य अमेरिकी मालिका पाहणाऱ्या बहुतेक मराठी वाचकांच्या कानावरून गेलेले असते. ते कुठून आले, कोणत्या खटल्यांना लागू होते आणि कोणत्या नाही, याबद्दल मात्र बराच गोंधळ दिसतो. मुलगा किंवा मुलगी शिकायला अथवा नोकरीसाठी अमेरिकेत असलेल्या कुटुंबांना हा गोंधळ महागात पडू शकतो. म्हणून हा हक्क राज्यांच्या न्यायालयांपर्यंत नेणारा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९६३ चा गिडियन निकाल आणि हा हक्क यांविषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न येथे घेतले आहेत. ही सर्वसाधारण माहिती आहे. प्रत्यक्ष खटल्यात त्या राज्यात वकिली करणाऱ्या वकिलाचाच सल्ला घ्यावा.

हा हक्क अमेरिकेच्या राज्यघटनेत कुठे आहे?

सहाव्या घटनादुरुस्तीत. १७९१ साली लागू झालेल्या पहिल्या दहा दुरुस्त्यांपैकी ती एक आहे. सर्व फौजदारी खटल्यांत आरोपीला आपल्या बचावासाठी वकिलाचे साहाय्य घेण्याचा हक्क राहील, असे तिच्यात म्हटले आहे. मात्र वकिलाचे पैसे कोणी द्यायचे, याविषयी तिच्यात एक शब्दही नाही. सुमारे दीडशे वर्षे या कलमाचा अर्थ ‘स्वतःच्या पैशाने आणलेल्या वकिलाला न्यायालयाने अडवू नये’ इतकाच घेतला जात होता. शिवाय या दहा दुरुस्त्या मूळात फक्त केंद्रीय सरकारवर बंधनकारक होत्या, आणि चोरी, मारामारी, खून असे बहुतेक गुन्हे तर राज्यांच्या न्यायालयांत चालतात.

गिडियन कोण होता?

क्लॅरन्स अर्ल गिडियन हा मिसूरी राज्यातील हॅनिबल गावी १९१० साली जन्मलेला, आठवीपर्यंत शिकलेला, पूर्वी काही वेळा तुरुंगात जाऊन आलेला आणि मिळेल ते काम करून गुजराण करणारा माणूस होता. ३ जून १९६१ रोजी पहाटे फ्लोरिडातील पनामा सिटी येथे एका पूलरूममध्ये, म्हणजे बिलियर्डसारखा खेळ खेळण्याच्या अड्ड्यात, चोरी झाली. सिगारेटच्या आणि गाणी वाजवण्याच्या यंत्रांतली नाणी गेली, थोडी बिअर आणि वाइनही गेली. पहाटे साडेपाचच्या सुमारास गिडियनला तिथे पाहिल्याचे एका साक्षीदाराने सांगितले आणि त्याला अटक झाली. ऐवज किरकोळ होता, परंतु चोरीच्या उद्देशाने बंद जागेत शिरणे हा फ्लोरिडाच्या कायद्यानुसार फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा होता.

४ ऑगस्ट १९६१ रोजी खटला उभा राहिला तेव्हा गिडियनने न्यायाधीशांकडे वकील मागितला. मला वाईट वाटते, पण फ्लोरिडाच्या कायद्यानुसार देहदंडाची शिक्षा होऊ शकेल अशाच गुन्ह्यात मी वकील नेमू शकतो, असे न्यायाधीशांनी सांगितले. त्यावर गिडियन म्हणाला की, मला वकील मिळायला हवा असे अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय म्हणते. त्या दिवशीच्या कायद्याप्रमाणे त्याचे हे म्हणणे चुकीचे होते. एकोणीस महिन्यांनी ते बरोबर ठरले, आणि ठरवून घेतले ते त्यानेच.

त्याने आपला खटला स्वतः चालवला, साक्षीदार बोलावले, उलटतपासणी घेतली, सहा जणांच्या ज्यूरीपुढे आपण निर्दोष असल्याचे सांगितले. वकील नसलेल्या माणसाला जितके जमेल तितके त्याने केले, असे पुढे सर्वोच्च न्यायालयानेही नोंदवले. ज्यूरीने त्याला दोषी ठरवले आणि पाच वर्षांची शिक्षा झाली.

न्यायाधीशांनी वकील नाकारला, तो कोणत्या आधारावर?

न्यायाधीश मनमानी करत नव्हते, हे आधी लक्षात घ्यायला हवे. १९३१ साली अलाबामातील स्कॉट्सबरो येथे नऊ कृष्णवर्णीय तरुणांवर बलात्काराचे आरोप ठेवून, वकिलांची धड व्यवस्था न करता, काही दिवसांत खटले उरकून आठ जणांना देहदंड फर्मावण्यात आला होता. त्यावर १९३२ च्या पॉवेल विरुद्ध अलाबामा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, देहदंडाच्या खटल्यात असहाय आरोपीला वकील नेमून देणे हा चौदाव्या दुरुस्तीतील न्याय्य कार्यपद्धतीचाच भाग आहे. १८६८ ची ही चौदावी दुरुस्ती राज्यांना थेट बांधते. पुढे १९३८ मध्ये जॉन्सन विरुद्ध झर्ब्स्ट या निकालाने केंद्रीय न्यायालयांतील सर्व गंभीर खटल्यांत गरीब आरोपीला वकील देणे अनिवार्य झाले. उरली ती राज्यांची न्यायालये आणि देहदंडाखेरीजचे गुन्हे, आणि बहुसंख्य आरोपी नेमके याच फटीत सापडत होते.

१९४२ च्या बेट्स विरुद्ध ब्रेडी या निकालाने ही फट बुजवण्यास नकार दिला. मेरीलँडमधील एका बेकार शेतमजुरावर दरोड्याचा आरोप होता आणि त्याने वकील मागितला होता. आरोपी निरक्षर असणे, मतिमंद असणे, प्रकरण फार गुंतागुंतीचे असणे अशी काही ‘विशेष परिस्थिती’ असेल तरच राज्याला वकील द्यावा लागेल, असे न्यायालयाने ठरवले. गिडियन ना निरक्षर होता ना मतिमंद, त्यामुळे त्याच्या न्यायाधीशांना हाच पायंडा बांधत होता. तीन न्यायमूर्तींनी बेट्समध्ये विरोधी मत नोंदवले होते आणि ते मत लिहिणारे न्यायमूर्ती होते ह्यूगो ब्लॅक.

तुरुंगातला एक कैदी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत कसा पोहोचला?

फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळल्यानंतर गिडियनने रेफर्डच्या तुरुंगातून वॉशिंग्टनला अर्ज पाठवला. आखलेल्या कागदाची पाच पाने, वरच्या बाजूला कैद्यांच्या पत्रव्यवहाराचे नियम छापलेले, आणि खाली पेन्सिलीने, शुद्धलेखनाच्या चुकांसह पण नेटक्या अक्षरात लिहिलेला मजकूर. जानेवारी १९६२ मध्ये तो न्यायालयात पोहोचला. न्यायालयाचे शुल्क भरण्याची ऐपत नसलेल्यांसाठी एक वेगळी वाट असते. त्या वाटेने दरवर्षी कैद्यांचे असंख्य अर्ज येतात आणि त्यांतले बहुतेक फेटाळले जातात. हा अर्ज मात्र ४ जून १९६२ रोजी सुनावणीसाठी दाखल करून घेण्यात आला, कारण बेट्सचा फेरविचार करण्यासाठी न्यायालय स्वच्छ प्रकरण शोधत होते. ‘विशेष परिस्थिती’ मुळीच नसलेला आरोपी त्यासाठी हवा होता.

न्यायालयाने गिडियनसाठी एब फोर्टास या वॉशिंग्टनमधील नामांकित वकिलाची नेमणूक केली. १९६५ साली ते स्वतःच सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. पनामा सिटीच्या न्यायालयात ज्याला एकही वकील मिळाला नाही, त्याला देशाच्या शेवटच्या न्यायालयात पहिल्या प्रतीचा वकील विनामूल्य मिळाला. या विसंगतीतच त्याच्या तक्रारीचे सार आहे, असे मला वाटते.

१८ मार्च १९६३ च्या निकालात काय म्हटले आहे?

निकाल एकमताचा होता आणि तो लिहिला न्यायमूर्ती ब्लॅक यांनी. एकवीस वर्षांपूर्वी विरोधी मत म्हणून मांडलेला विचार त्यांना त्याच न्यायालयाचा कायदा म्हणून लिहिता आला. त्यांचा युक्तिवाद अगदी साधा आहे. सरकार आरोपींवर खटले चालवण्यासाठी अमाप पैसा खर्च करून वकील नेमते, आणि ज्या आरोपीकडे पैसे असतात तो आपला उत्तम वकील आणतो. दोन्ही बाजू असे वागतात यावरूनच दिसते की, फौजदारी न्यायालयात वकील ही चैन नसून गरज आहे. मग ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला वकिलाविना उभे करून होणारा खटला निष्पक्ष कसा म्हणायचा? अशा रीतीने सहाव्या दुरुस्तीतील हा हक्क चौदाव्या दुरुस्तीमार्फत राज्यांवरही बंधनकारक ठरला आणि बेट्स रद्द झाला. न्यायमूर्ती हार्लन यांनी निकालाशी सहमती दर्शवली, पण बेट्सला याहून अधिक आदराने मूठमाती द्यायला हवी होती, अशी नोंदही केली.

राज्ये या निकालाच्या विरोधात होती, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. फ्लोरिडाच्या वकिलांनी पाठिंब्यासाठी इतर राज्यांना पत्रे पाठवली तेव्हा मिनेसोटाचे महाधिवक्ता वॉल्टर मोंडेल यांच्यासारख्यांनी उलटच पवित्रा घेतला. बेट्स हा निकाल दिला गेला तेव्हाच कालबाह्य होता, असे बावीस राज्यांनी न्यायालयाला सांगितले. फ्लोरिडाच्या बाजूला अलाबामा आणि नॉर्थ कॅरोलिना ही दोनच राज्ये उभी राहिली.

निकालानंतर गिडियन सुटला का?

लगेच नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलेच नव्हते, फक्त वकिलासह नव्याने खटला चालवावा लागेल असे म्हटले होते. ५ ऑगस्ट १९६३ रोजी त्याच पनामा सिटीत, त्याच न्यायाधीशांपुढे, त्याच आरोपावर दुसरा खटला उभा राहिला. या वेळी बचावासाठी डब्ल्यू. फ्रेड टर्नर हे स्थानिक वकील होते. या हक्काची चर्चा करताना मी नेहमी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाइतकेच या दुसऱ्या खटल्याकडे लक्ष वेधतो, कारण वकील असल्याने नेमका काय फरक पडतो ते येथे डोळ्यांना दिसते.

सरकारी पक्षाकडे दोन गोष्टी होत्या. पहिली, गिडियनला पहाटे पूलरूममध्ये पाहिल्याचे सांगणारा साक्षीदार. टर्नर यांनी त्याला एकेक प्रश्न विचारत नेले. रात्रभर दुसऱ्या गावी नाचाच्या कार्यक्रमाला गेलेला तू, सोबत्यांनी गाडीने आणून सोडल्यावर दोन चौकांवरच्या आपल्या घरी न उतरता पूलरूमपाशी का उतरलास? पूर्वी तू गाडी चोरल्याचे कबूल केले होतेस ना? हा साक्षीदार स्वतःच खऱ्या चोरांसाठी पहारा देत असावा, ही शक्यता टर्नर यांनी ज्यूरीपुढे ठेवली.

दुसरी गोष्ट टॅक्सीचालकाची. त्या पहाटे गिडियनने त्याला बोलावले होते आणि ‘मला इथून नेल्याचे कोणाला सांगू नकोस’ असे म्हटले होते. चोराच्या मनात चांदणे, असेच कोणालाही वाटावे. टर्नर यांनी विचारले, असे तो यापूर्वीही म्हणाला होता का? चालक म्हणाला, हो, दर वेळी म्हणतो. का? त्याचे बायकोशी पटत नसे, असे मला वाटते. दोन प्रश्नांत पुराव्यातली हवा गेली. ज्यूरी सुमारे तासाभरात परत आली आणि गिडियन निर्दोष सुटला. पुढे १९७२ साली फ्लोरिडात त्याचे निधन झाले.

मग अमेरिकेत प्रत्येक खटल्यात सरकारी खर्चाने वकील मिळतो का?

नाही, आणि हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. गिडियन निकाल गंभीर गुन्ह्यांपुरता होता. १९७२ च्या आर्गरसिंगर निकालाने तो हक्क किरकोळ गुन्ह्यांपर्यंत नेला: वकील न देता कोणालाही एक दिवसाचीही कैद देता येणार नाही. परंतु १९७९ मध्ये स्कॉट विरुद्ध इलिनॉय या खटल्यात दुकानातील चोरीसाठी पन्नास डॉलर दंड झालेल्या आरोपीला न्यायालयाने सांगितले की, कायद्यात कैदेची तरतूद असणे पुरेसे नाही, प्रत्यक्ष कैद झाली असती तरच राज्याला वकील द्यावा लागला असता. २००२ मध्ये शेल्टन निकालाने त्यात स्थगित कैदेचीही भर घातली. काही राज्ये आपल्या कायद्याने याहून अधिक देतात, पण घटनेने घातलेली किमान मर्यादा ही आहे. माझ्या मते स्कॉटची ही रेषा चुकीच्या जागी ओढलेली आहे. दंडापुरत्या शिक्षेनेही नोकरी, घर आणि व्हिसा यांवर टाच येऊ शकते, हे ती पाहत नाही.

अपिलाच्या बाबतीत, पहिल्या अपिलासाठी वकील मिळतो. हे गिडियनच्याच दिवशी दिलेल्या डग्लस विरुद्ध कॅलिफोर्निया या निकालाने ठरले. त्यापुढच्या, न्यायालयाच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या अपिलांसाठी मिळत नाही. अल्पवयीन मुलांना बालन्यायालयातही वकील मिळालाच पाहिजे, हे १९६७ च्या गॉल्ट निकालाने सांगितले. त्यात पंधरा वर्षांच्या मुलाला एका अश्लील फोनवरून वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारगृहात ठेवण्याचा हुकूम झाला होता.

पोलीस वाचून दाखवतात तो मिरांडा इशारा आणि हा हक्क एकच का?

एकच नाहीत. सुरुवातीला दिलेले ‘वकील नेमून दिला जाईल’ हे वाक्य या इशाऱ्यातलेच आहे. १९६६ च्या मिरांडा विरुद्ध ॲरिझोना निकालातील इशारा पाचव्या दुरुस्तीवर, म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडले न जाण्याच्या हक्कावर उभा आहे, आणि तो कोठडीतील चौकशीपुरता आहे. वकील हवा असे तुम्ही म्हटल्यावर पोलीस तत्काळ वकील हजर करतात असे नाही. त्यांना प्रश्न विचारणे थांबवावे लागते. सहाव्या दुरुस्तीचा हक्क त्यानंतर, औपचारिक कारवाई सुरू झाल्यावर जागा होतो. २००८ च्या रॉथगेरी निकालानुसार आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे प्रथम उभे करून आरोप सांगितला जातो, तेव्हाच तो लागू झालेला असतो.

येथे शब्द महत्त्वाचे ठरतात. १९९४ च्या डेव्हिस खटल्यात चौकशी चालू असताना आरोपी म्हणाला होता की, कदाचित मी वकिलाशी बोलायला हवे. न्यायालयाने हे पुरेसे स्पष्ट मानले नाही. आपल्याकडे मोठ्यांशी किंवा अधिकाऱ्यांशी बोलताना ‘बहुतेक’, ‘जमल्यास’, ‘हरकत नसेल तर’ अशी आर्जवी भाषा अंगवळणी पडलेली असते. तीच येथे घात करते. ‘मला वकील हवा आहे आणि वकील येईपर्यंत मी प्रश्नांची उत्तरे देणार नाही’ एवढेच म्हणावे, आणि खरोखरच थांबावे.

घटस्फोट, मुलांचा ताबा, घरभाडे किंवा हद्दपारी यांत काय होते?

गिडियन तेथे पोहोचत नाही. १९८१ च्या लॅसिटर निकालानुसार आईचे अपत्यावरील हक्क कायमचे काढून घेण्याच्या कारवाईतही प्रत्येक वेळी वकील देणे बंधनकारक नाही, प्रकरणागणिक पाहायचे. मुलाच्या पोटगीची रक्कम थकल्याने अवमानाखाली तुरुंगात टाकलेल्या बापालाही आपोआप वकील मिळत नाही, हे २०११ च्या टर्नर विरुद्ध रॉजर्स निकालाने ठरवले (गिडियनचे वकील टर्नर यांच्याशी याचा संबंध नाही). हद्दपारीची कारवाई तर कायद्याच्या भाषेत दिवाणी मानली जाते: वकील आणता येतो, पण सरकारच्या खर्चाने नाही. वर्षानुवर्षे राहिलेल्या देशातून माणसाला कायमचे बाहेर काढणाऱ्या या कारवाईत तो सरकारी वकिलापुढे एकटा उभा राहू शकतो, हे मला या सगळ्या व्यवस्थेतील सर्वांत कठोर अंग वाटते.

नेमून दिलेला वकील बदलून घेता येतो का? स्वतःच खटला चालवता येतो का?

पसंतीचा वकील निवडण्याचा हक्क स्वतः पैसे देणाऱ्यांना आहे. नेमलेला वकील ठोस कारण दाखवूनच, न्यायाधीशांच्या परवानगीने बदलता येतो. स्वतः खटला चालवण्याचा हक्कही आहे, तो १९७५ च्या फरेटा निकालाने मान्य केला. पण धोके समजून, जाणीवपूर्वक वकील नाकारत आहात याची खात्री न्यायाधीश करून घेतात. नेमलेला वकील दर वेळी पूर्णपणे फुकट असतो असेही नाही: काही राज्ये अर्जासाठी शुल्क घेतात आणि पुढे ऐपत आल्यास खर्च वसूल करू शकतात.

‘पब्लिक डिफेंडर’ म्हणजे दुय्यम दर्जाचा वकील असतो का?

हा प्रश्न मराठी पालक जवळजवळ हमखास विचारतात, आणि त्यामागे ‘फुकटच्या वकिलाला काय किंमत’ हा विचार असतो. पब्लिक डिफेंडर हे गरीब आरोपींसाठी सरकारी खर्चाने पूर्णवेळ फौजदारी बचावाचे काम करणारे वकील असतात. त्या न्यायालयातील न्यायाधीश, सरकारी वकील आणि पोलीस यांची रीत त्यांना रोजच्या कामाने ठाऊक असते. एरवी करार आणि घरखरेदीची कामे करणाऱ्या खासगी वकिलापेक्षा ते अनेकदा सरस ठरतात. फ्लोरिडाने गिडियननंतर १९६३ मध्येच कायदा करून अशी कार्यालये स्थापन केली आणि तेथे पब्लिक डिफेंडर हे पद निवडणुकीने भरले जाते.

अडचण आहे ती वेळेची. सर्वोच्च न्यायालयाने हक्क सांगितला, पण पैसा कोणी द्यायचा हे सांगितले नाही. कुठे राज्य देते, कुठे जिल्ह्यावर सोडून देते, आणि लुइझियानात तर या खर्चाचा मोठा भाग वाहतूक दंड आणि न्यायालयीन शुल्कांतून उभा राहत आला आहे, म्हणजे रस्त्यावर कमी पावत्या फाटल्या की बचावाचा निधी आटतो. १९७३ साली एका राष्ट्रीय सल्लागार आयोगाने एका वकिलाने वर्षाला जास्तीत जास्त १५० फेलनी किंवा ४०० किरकोळ प्रकरणे घ्यावीत, अशी मर्यादा सुचवली होती. आठवड्याला चाळीस तासांच्या हिशेबाने वर्षाचे २,०८० तास होतात. त्यांना १५० ने भागले की एका गंभीर खटल्याच्या वाट्याला चौदा तासही येत नाहीत. त्यात कैद्याची भेट, पोलिसांचे चित्रीकरण पाहणे, साक्षीदार शोधणे आणि न्यायालयात ताटकळणे आलेच. अनेक कार्यालये ही मर्यादाही ओलांडतात. टॅक्सीचालकाला विचारलेला ‘यापूर्वीही म्हणाला होता का?’ हा प्रश्न अशा चौदा तासांत सुचेल का, हे प्रत्येकाने स्वतःलाच विचारून पाहावे.

ओरेगनमध्ये तर वकिलांच्या तुटवड्यामुळे आरोपी वकिलाविना कोठडीत पडून राहू लागले. सात दिवसांत वकील मिळाला नाही तर सोडून द्या, हा आदेश २०२४ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने कायम केला.

वकिलाने कामात कसूर केली तर शिक्षा रद्द होते का?

क्वचित. १९८४ च्या स्ट्रिकलंड निकालाची कसोटी दुहेरी आहे. वकिलाचे काम वाजवी व्यावसायिक पातळीच्या खाली गेले, हे दाखवायचे, आणि तसे झाले नसते तर निकाल वेगळा लागण्याची रास्त शक्यता होती, हेही दाखवायचे. दुसऱ्या पायरीवर बहुतेक अर्ज अडखळतात, कारण जो साक्षीदार वकिलाने शोधलाच नाही त्याने काय सांगितले असते, हे तुरुंगात बसून सिद्ध करावे लागते.

गुन्हा कबूल करून कमी शिक्षा घेण्याची तडजोड सुचवली, तर ती घ्यावी का?

सरसकट उत्तर देता येणार नाही, पण अमेरिकेत हाच नेहमीचा मार्ग आहे. केंद्रीय न्यायालयांतील सत्त्याण्णव टक्के आणि राज्यांतील चौऱ्याण्णव टक्के दोषसिद्धी कबुलीतून येतात, असे सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ च्या फ्राय निकालात नोंदवले. म्हणून तडजोडीच्या टप्प्यावरही सक्षम वकिलाचा हक्क आहे, असे त्याच निकालात ठरले.

नागरिक नसलेल्यांसाठी २०१० चा पडिया विरुद्ध केंटकी हा निकाल गिडियनइतकाच मोलाचा आहे. होंडुरासमध्ये जन्मलेले, चाळीस वर्षांहून अधिक काळ ग्रीन कार्डावर राहिलेले आणि व्हिएतनाम युद्धात अमेरिकेसाठी लढलेले हे गृहस्थ ट्रकमधून गांजा नेल्याच्या आरोपात अडकले. इतकी वर्षे येथे राहिला आहात, तेव्हा चिंता नको, असे वकिलाने सांगितल्याने त्यांनी गुन्हा कबूल केला आणि त्या कबुलीने हद्दपारी जवळजवळ अटळ झाली. कबुलीमुळे हद्दपारीचा धोका आहे हे अशिलाला सांगणे हे बचावाच्या वकिलाचे घटनात्मक कर्तव्य आहे, असे न्यायालयाने ठरवले.

एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. अनेक राज्यांत पहिल्याच किरकोळ गुन्ह्यासाठी असा मार्ग देतात: गुन्हा कबूल करा, काही महिने समाजसेवा करा, मग प्रकरण बंद. राज्याच्या लेखी ती दोषसिद्धी नसते. स्थलांतराच्या केंद्रीय कायद्यात मात्र १९९६ पासून कबुली आणि तिच्याबरोबर कोणत्याही स्वरूपाची शिक्षा किंवा बंधन एवढ्यानेच दोषसिद्धी होते. दुकानातून काही डॉलरची वस्तू पैसे न देता नेल्याचा आरोप असलेल्या विद्यार्थ्याने ‘केस तर बंद झाली’ म्हणून निश्चिंत राहावे आणि पुढे व्हिसाच्या मुलाखतीत अडकावे, असे यामुळे घडू शकते. कागदावर सही करण्यापूर्वी फौजदारी आणि स्थलांतर या दोन्ही कायद्यांचा सल्ला घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

भारतात असा हक्क आहे का? गिडियनचा आपल्याशी संबंध काय?

संबंध थेट आहे आणि तो महाराष्ट्रातूनच जातो. आपल्या घटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये अटक झालेल्याला पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आहे, आणि १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने अनुच्छेद ३९ अ मध्ये विनामूल्य विधी साहाय्य आले. १९७८ च्या एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गिडियनचा दाखला देत सांगितले की, कैद्याला निकालाची प्रत वेळेवर व विनामूल्य मिळणे आणि अपिलासाठी वकील मिळणे हा अनुच्छेद २१ मधील न्याय्य कार्यपद्धतीचा भाग आहे. पुढे कसाबच्या अपिलावरील २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मिरांडाची सविस्तर चर्चा केली, तो नियम जसाच्या तसा उचलण्यास नकार दिला, परंतु आरोपीला प्रथम हजर केले जाते तेव्हाच वकिलाच्या आणि विनामूल्य साहाय्याच्या हक्काची जाणीव करून देणे हे प्रत्येक दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य असल्याचे बजावले. आपल्याकडील एक तरतूद तर अमेरिकेपेक्षा उदार आहे: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीतील माणसे यांना उत्पन्न न पाहता हे साहाय्य मिळू शकते, आणि ते दिवाणी प्रकरणांतही मिळते.

गिडियन निकाल उलटवला जाण्याची शक्यता आहे का?

२०१९ च्या गार्झा निकालातील विरोधी मतात न्यायमूर्ती थॉमस यांनी, सहाव्या दुरुस्तीचा मूळ अर्थ स्वतः वकील आणण्यापुरताच होता, असे म्हणत या पायंड्याविषयी शंका मांडली आणि न्यायमूर्ती गोर्सच त्यांच्याशी सहमत होते. बहुमत त्या दिशेने झुकल्याचे दिसलेले नाही.

घरातील कोणी अमेरिकेत अटकेत असेल, तर पहिल्या दिवशी काय करावे?

फोनवर घटनेविषयी बोलू नये. कोठडीतील फोन बहुधा नोंदवले जातात आणि मराठीत बोलले म्हणून ते सुरक्षित राहत नाहीत, भाषांतर होते. ‘नक्की काय झालं रे?’ हा आईवडिलांच्या तोंडी साहजिकच येणारा पहिला प्रश्न त्या दिवसापुरता गिळावा. भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवा, अशी विनंती अटकेतील व्यक्ती करू शकते, तो व्हिएन्ना करारातील हक्क आहे. दूतावास संपर्क आणि वकिलांची माहिती देऊ शकतो, पण त्यातून सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क उभा राहत नाही.

पहिल्या हजेरीच्या वेळी न्यायाधीश ‘वकील हवा आहे का?’ असे विचारतात. तेथे ‘आधी काय होते ते पाहू’ असे म्हणू नये. ‘हो, हवा आहे, आणि माझी ऐपत नाही’ असे सांगावे आणि उत्पन्नाचा फॉर्म प्रामाणिकपणे भरावा. फॉर्ममध्ये स्वतःचे उत्पन्न विचारलेले असेल, तर भारतातील आईवडिलांचे घर किंवा शेत मनाने त्यात घालू नये. शंका असल्यास न्यायालयातील कर्मचाऱ्यालाच विचारावे. वकील भेटल्यावर पहिल्याच भेटीत व्हिसाचा प्रकार, तो संपण्याची तारीख आणि पुढची परतीची तारीख सांगावी, कारण वकिलाला ते आरोपपत्रावरून कळत नाही.